पंधरा डॉलरचं बूच

आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून ह्यूस्टनच्या मुलानं चौघांसाठी क्रूझ काढली. टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन बंदरातून निघायचं आणि मेक्सिकोचं कोझुमेल वगैरे फिरून सात रात्रींनी परत तिथंच यायचं. जहाजाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं रडगाणं आहे. जेवण, नाचगाणी, पोहण्याचा तलाव यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी आयुष्यभर बँकेत आकडे जुळवले, तेव्हा मी फक्त बाटलीबद्दल लिहितो.

नियम असा होता. प्रत्येक प्रौढ प्रवाशाला ७५० मिलीची एक सीलबंद वाइन नेता येते, तीही फक्त पहिल्या दिवशी आणि हातातल्या पिशवीतून. बिअर, व्हिस्की, रम अजिबात नाही. वयाची अट २१. सून घेत नाही, पण तिच्या नावावर एक बाटली येते हे मुलाला बरोबर आठवलं. त्यानं कॉस्टको या घाऊक दुकानातून प्रोसेको या फेसाळ वाइनच्या दोन बाटल्या घेतल्या. आम्ही नाशिककर, म्हणून तिथल्याच सुलाची एक शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन आणि एक दिंडोरी रिझर्व्ह शिराझ ही लाल वाइन मोज्यांत गुंडाळून घरूनच नेल्या होत्या. अमेरिकेत माणशी एक लिटर दारू शुल्काशिवाय नेता येते, त्यामुळे विमानतळावर कुणी हटकलं नाही. बंदरावर पिशवी एक्स-रे यंत्रातून गेली, एका बाईनं सील बघितलं, लेबल बघितलं, आणि झालं.

आपल्याकडे महाराष्ट्रात कायद्यानं दारू प्यायला परवाना लागतो, विदेशी मद्याचा एका दिवसाचा ५ रुपयांत मिळतो. जहाजावर परवाना नाही, पण हिशेब बघून घशाला कोरड पडते. वाइनचा ग्लास १३ डॉलर, वर १८ टक्के टिप आपोआप. एका बाटलीत दीडशे मिलीचे पाच ग्लास होतात, म्हणजे साधारण ७७ डॉलर. माझी बाटली नाशिकच्या दुकानात हजाराच्या आतबाहेर पडली होती. दिवसभर हवं ते प्या असं पॅकेजही असतं, पण एकानं घेतलं की त्या खोलीतल्या सगळ्या प्रौढांनी घ्यायचं. रात्री एक ग्लास घेणाऱ्या माझ्यासारख्यानं आणि तोही नको म्हणणाऱ्या बायकोनं त्या वाटेला जाऊच नये.

बाटली खोलीत उघडली तर काही जादा पैसे नाहीत. शेनिन ब्लाँ आम्ही बाल्कनीत बसून कोंडाजीच्या चिवड्याबरोबर संपवली. खोली आवरणाऱ्या मुलानं न मागता बर्फाची बादली आणि काचेचे ग्लास आणून ठेवले. जेवणाच्या हॉलमध्ये मात्र आपली बाटली नेली की कॉर्केज, म्हणजे बूच काढण्याचे, १५ डॉलर. शिराझ मी मुद्दाम खाली नेली. या बाटलीला बूचच नाही, फिरकीचं झाकण आहे! वाढप्यानं ते एका हातानं करकर फिरवलं आणि पंधरा डॉलर खोलीच्या खात्यात चढले. मुलगा म्हणाला, "बाबा, हे बूच कुणाला लागलं?"

तरी ते पैसे मला डाचले नाहीत. वाढपी मडगावचा निघाला. लेबलवर नाशिक वाचून तो क्षणभर थांबला, मग जवळ येऊन हळूच मराठीत म्हणाला, "काका, ही इथं पहिल्यांदाच बघतोय." बरोबर आकाराचे ग्लास आणले, आम्हाला चव घ्यायला लावली, आणि उरलेली अर्धी बाटली खोलीचा नंबर टाकून ठेवून दिली. दुसऱ्या रात्री आम्ही बसायच्या आत ती टेबलावर हजर होती. यासाठी १५ डॉलर मी पुन्हा देईन.

आता रडगाणं. माझ्या सौभाग्यवतींचं माहेर रत्नागिरीचं. मुलाला सोलकढी आवडते म्हणून कोकमाचं आगळ पाण्याच्या बाटलीत भरून त्या अमेरिकेपर्यंत घेऊन आल्या होत्या, आणि ती बाटली ह्यूस्टनला काढून ठेवायची राहून गेली. ती मोठ्या बॅगेत होती. बाकीच्या बॅगा संध्याकाळी दाराशी आल्या, ही आली नाही. साडेनऊला फोन आला की खाली सुरक्षा कक्षात या. तिथं पंधरावीस बॅगा, तितकीच ओशाळलेली तोंडं. आमच्या पुढच्या धिप्पाड माणसाकडे हिरव्या माउथवॉशच्या दोन बाटल्या होत्या. अधिकाऱ्यानं झाकण उघडलं आणि सगळ्या खोलीत रमचा वास सुटला.

आमची पाळी आली. लालभडक पाणी, सील नाही. त्यानं विचारलं, "वाइन?" ही म्हणाली, "कोकम." मी म्हणालो, "फ्रूट." त्यानं हुंगलं, नाक मुरडलं, परत हुंगलं. दारू नाही हे त्याला कळलं, पण सील नसलेलं काहीही वर जाऊ देता येत नाही म्हणे. चिठ्ठी चिकटवली, पावती दिली, शेवटच्या दिवशी घेऊन जा म्हणाला. नियम नियमाच्या जागी. पण पाच मिनिटांच्या कामासाठी पाऊण तास उभं केलं, बसायला एक खुर्ची नाही, आणि पहिल्या रात्रीचं जेवण हुकलं. एक तारा तिथंच गेला.

थंड पेयांचे माणशी बारा कॅन चालतात म्हणून आम्ही दोघांचे मिळून चोवीस नेले. साडेआठ किलो! पाणी, चहा, कॉफी, लिंबू सरबत वर फुकट होतं, निम्मे कॅन तसेच खाली उतरले. खांदा अजून दुखतो.

कोझुमेलला मुलानं टकीला घेतली. जहाजावर चढताना ती ताब्यात घेतली आणि शेवटच्या रात्री खोलीत आणून दिली. गॅल्व्हस्टनला उतरल्यावर टेक्सास राज्याचं वेगळं टेबल असतं, तिथं बाटलीमागे ३ डॉलर शुल्क आणि वर थोडा कर भरावा लागतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारची ती एक लिटरची सूट तिथं चालत नाही. सुट्टे जवळ ठेवा.

जहाजागणिक हे बदलतं. डिस्नेच्या जहाजांवर प्रत्येक बंदरात माणशी दोन वाइन किंवा सहा बिअर चालतात, मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियावर बाहेरची दारू नेताच येत नाही. तिकीट काढतानाच नियम वाचा. बाटलीच्या सोयीला माझ्याकडून पाचपैकी चार तारे.

आगळ शेवटच्या सकाळी पावती दाखवून मिळालं, थेंबही कमी नव्हता. त्याच रात्री ह्यूस्टनला नारळाच्या दुधात घातलं. मुलानं तीन वाट्या प्यायल्या, बूचबीच काही न काढता.