रूट कॅनलनंतरची झिर्कोनिया कॅप : आठ महिन्यांच्या वापरानंतर

खालची पहिली मोठी दाढ, रूट कॅनल झालेली, वर एकसंध झिर्कोनियाची (दातासारख्या रंगाचं, खूप कणखर सिरॅमिक) कॅप. आठ महिन्यांनी टवका उडालेला नाही, रंग आणि चकाकी तशीच आहे. पण कॅपची पारख चकाकीवरून करू नका. कॅप किडत नाही. किडतो तो तिची कड संपते तिथला खरा दात. म्हणून इथे जास्त बोलायचंय ते त्या कडेबद्दल.

रूट कॅनल झालेल्या दाढेत मधला भाग किडीने आणि उपचाराने गेलेला असतो, उरतात पातळ भिंती. चावताना त्या बाहेरच्या बाजूला फाकतात आणि एखाद दिवशी उभ्या चिरतात. चीर मुळात उतरली की दाढ बहुधा काढावीच लागते. पिंपाला लोखंडी पट्टी असते तशी कॅप या भिंतींना चहूबाजूंनी आवळून धरते. मात्र त्यासाठी हिरडीच्या वर सगळीकडे दीड-दोन मिलिमीटर खरा दात शिल्लक हवा. नुसत्या फिलिंगवर उभी केलेली कॅप आतल्या फिलिंगसकट निखळते. माप देण्याआधी हे डॉक्टरांना नक्की विचारा.

झिर्कोनियासाठी चावण्याची बाजू साधारण एक ते दीड मिलिमीटर घासतात. सिरॅमिक-मेटलच्या (आत धातू, वर सिरॅमिक) कॅपला त्याहून जास्त जागा लागते. शिवाय तिचं वरचं सिरॅमिक उडू शकतं, आणि हिरडी खाली सरकली की कडेला काळी रेघ दिसते. दाढेला झिर्कोनियाच बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पक्की कॅप लॅबमधून येईपर्यंत तात्पुरती कॅप बसवतात. ती असेपर्यंत फ्लॉस (दातांमधली फट साफ करायचा दोरा) वर ओढू नका, बाजूने सरकवून काढा. तात्पुरती कॅप निघाली तर 'आता पक्की येणारच आहे' म्हणून तसंच राहू नका. शेजारचे दात हळूच सरकतात आणि मापाने बनलेली कॅप मग बसत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा दिवस कॅप पक्की करण्याचा. सिमेंट लावण्याआधी दोन्ही बाजूंना फ्लॉस घालून बघायला सांगा. तो किंचित अडून 'टक्' करत उतरायला हवा. सहज घसरला तर तिथे जेवणाचे कण अडकणार, आणि ही सैल फट नंतर तोंडातल्या तोंडात दुरुस्त होत नाही, कॅप पुन्हा लॅबला जाते. आणखी एक बारीक गोष्ट: कॅप तोंडात घालून पाहिली की आतून लाळ लागते, आणि लाळेतले फॉस्फेट झिर्कोनियाला चिकटून बसतात. नुसत्या पाण्याने ते जात नाहीत. आतली बाजू खास क्लीनरने किंवा सँडब्लास्टिंगने (बारीक कणांचा जोरदार फवारा मारून) साफ केली नाही तर रेझिन सिमेंटची पकड कच्ची राहते.

चावा तपासायचा रंगीत कागद भूल असताना फसवतो, कारण कॅप उंच आहे हे तेव्हा कळतच नाही. भूल उतरल्यावर दात मिटताना तीच दाढ आधी टेकत असेल तर 'होईल सवय' म्हणून थांबू नका. घासून घ्या, आणि घासलेली जागा पॉलिश झालीच पाहिजे. खरखरीत झिर्कोनिया समोरचा दात झिजवतो, गुळगुळीत असेल तर फारसा त्रास नाही.

पहिल्या आठवड्यात हिरडी एकाच ठिकाणी सुजून रक्त येत असेल तर बहुतेक वेळा कडेखाली सिमेंटचा कण राहिलेला असतो. तो काढला की बरं होतं.

रोजची निगा फार नाही. ब्रशचे केस हिरडीच्या रेषेवर तिरके ठेवायचे, रात्री फ्लॉस, फट मोठी असेल तर तिथला छोटा ब्रश. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर नाइट गार्ड (झोपताना दातांवर बसवायचं संरक्षक आवरण) हवाच. आणि रूट कॅनल झालेल्या दाढेत नस नसते, त्यामुळे कडेखाली कीड गेली तरी कळ येत नाही. वास येणं, फ्लॉस एकाच जागी फाटणं, कॅप किंचित हलणं, इशारे एवढेच. म्हणून दुखत नसलं तरी ठरलेल्या तपासणीला जा आणि डॉक्टर म्हणतील तेव्हा एक्स-रे काढा.

कॅप निघालीच तर डबीत जपून ठेवा, घरचा गोंद लावून चिकटवू नका, त्या बाजूने चावू नका आणि दोन-तीन दिवसांत दाखवा. दात शाबूत असेल तर बऱ्याचदा तीच कॅप पुन्हा बसते.