योग सुरू करायचाय, पण कोणता?

योगाचा वर्ग लावायचं मनात आलं की पहिला गोंधळ नावांचा होतो. अय्यंगार, अष्टांग विन्यास, शिवानंद, सत्यानंद. फोटो पाहिले तर सगळीकडे तेच त्रिकोणासन, तेच भुजंगासन, शेवटी तेच शवासन. मग निवडायचं कशावरून?

मी एक साधी कसोटी लावते: तासाभराच्या वर्गातला बहुतेक वेळ जातो कुठे? एकाच आसनात थांबण्यात, एका आसनातून दुसऱ्यात जाण्यात, की दोन आसनांच्या मधल्या विसाव्यात? शरीराला काय मिळणार हे यावरून कळतं, आणि मनाला काय मिळणार हेसुद्धा.

थांबणं हा अय्यंगार पद्धतीचा गाभा. बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) लहानपणी सतत आजारी असत. म्हैसूरला मेव्हणे टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे ते योग शिकले, १९३७ मध्ये पुण्याला आले आणि पुढचं आयुष्य तिथेच शिकवत राहिले. त्यांच्या पद्धतीत सुरुवात उभ्या आसनांपासून होते. ताडासनात नुसतं उभं राहायचं, तर त्यातही टाचेवर भार किती, गुडघ्याची वाटी वर ओढली आहे का, हे बघावं लागतं. हात जमिनीला टेकत नसेल तर लाकडी ठोकळा घ्यायचा, पाय हाताशी येत नसेल तर पट्टा. खुर्ची, लोड, भिंतीवरचे दोर, घडी घातलेली ब्लँकेट्स हे सगळं वर्गात हाताशी असतं. ज्याचं अंग आखडलेलं आहे, ज्याला कंबरेचं किंवा गुडघ्याचं दुखणं आहे, त्याला यापेक्षा सुरक्षित सुरुवात मला माहीत नाही. मात्र वर्गात सूचना खूप असतात, वेग कमी असतो आणि प्राणायाम उशिरा येतो. येतो तोही आधी छातीखाली आधार घेऊन, आडवं पडून. ‘इथे अध्यात्म कुठे आहे?’ असं पहिल्या महिन्यात वाटू शकतं. पण डाव्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर मिनिटभर लक्ष टिकवून बघा. धारणा, म्हणजे मन एका जागी बांधून ठेवणं, याची चव तिथे लागते.

याच कृष्णमाचार्यांचे दुसरे शिष्य के. पट्टाभी जोइस (१९१५–२००९). एका गुरूकडून निघालेल्या दोन वाटा इतक्या वेगळ्या असाव्यात याचं मला अजून नवल वाटतं. जोइस यांच्या अष्टांग विन्यासात थांबणं थोडं, बहुतेक आसनांत पाच श्वासांपुरतं. बाकी सगळं वाहतं. सूर्यनमस्कारांचे दोन प्रकार, मग उभी आसनं, मग बैठी, आणि क्रम कायम तोच. श्वास उज्जायी, म्हणजे घसा किंचित आवळून हलका आवाज करत घेतलेला; नजर कुठे ठेवायची हेही ठरलेलं. पहिल्या मालिकेचं नाव ‘योगचिकित्सा’ आहे, पण नावावर जाऊ नका, ती चांगलीच दमवणारी आहे. चतुरंग दंडासन (कोपरं वाकवून शरीर जमिनीला समांतर तोलून धरायचं) इतक्या वेळा येतं की मनगटं आणि खांदे तयार नसतील तर तेच आधी कुरकुरतात. माझी सुरुवात याच वाटेवर झाली आणि दुसऱ्याच महिन्यात मनगट धरलं. दोष पद्धतीचा नव्हता. पुढच्या चटईवरचा माणूस करतोय ते मी करायला गेले. म्हणून ही पद्धत शिकायची तर ‘म्हैसूर शैली’चा वर्ग शोधा: प्रत्येक जण आपापल्या गतीनं करतो आणि शिक्षक पुढचं आसन मागचं जमल्यावरच देतात. आठवड्यातले सहा दिवस करायची तयारी हवी. अंगात रग आहे, मन बसून राहायला तयार नाही, अशांना ही वाट खरंच मानवते; रोजचा ठरलेला क्रम पाठ झाला की डोक्यातली बडबड आपोआप खाली येते.

इथे एक घोटाळा दूर करायला हवा. योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींचा अष्टांगयोग म्हणजे यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी ही आठ अंगं. अष्टांग विन्यास ही त्यातलं आसन केंद्रस्थानी ठेवणारी विसाव्या शतकातली पद्धत. नाव सारखं म्हणून दोन्ही एक नव्हेत.

विसावा पाहायचा तर शिवानंद परंपरेत. ऋषीकेशचे स्वामी शिवानंद संन्यासापूर्वी डॉक्टर होते. त्यांचे शिष्य विष्णुदेवानंद यांनी वर्गाची जी बांधणी केली तिच्यात कपालभाती आणि अनुलोम-विलोम, सूर्यनमस्कार, बारा मूळ आसनं आणि अधूनमधून शवासन असतं. आसन, श्वास, विश्रांती, आहार, ध्यान या सगळ्यांचा विचार पहिल्या दिवसापासून एकत्र होतो, मंत्रपठणही असतं. आरोग्य आणि साधना दोन्ही एकाच छताखाली हवं असेल तर ही वाट सरळ आहे. माझी हरकत एकच: बारा आसनांत शीर्षासन पहिलं आहे. चांगले शिक्षक ते टप्प्याटप्प्यानं शिकवतात, तरी नवशिक्यानं ‘मी हे इतक्यात करणार नाही’ म्हणायला मुळीच संकोचू नये.

बिहारमधल्या मुंगेरची, म्हणजे स्वामी सत्यानंदांची पद्धत मी थकलेल्या माणसांना सुचवते. सुरुवात पवनमुक्तासनाच्या मालिकांनी होते: पायाची बोटं, घोटे, गुडघे, मनगटं, खांदे, मान, एकेक सांधा श्वासासोबत हलवायचा. बाहेरून पाहणाऱ्याला हा व्यायामही वाटणार नाही. त्यासोबत योगनिद्रा. शवासनात पडून आधी संकल्प, मग शरीराच्या एकेका भागावरून लक्ष फिरवणं, श्वास मोजणं, जड-हलकं, गरम-थंड अशा जोड्या अनुभवणं, आणि शेवटी पुन्हा संकल्प. झोप नीट लागत नाही, वय झालंय, आजारातून उठलोय, अशांनी इथून सुरुवात करावी. नुसता घाम गाळायचा असेल तर मात्र इथे निराशा होईल.

लोणावळ्याच्या कैवल्यधामची (स्थापना १९२४) गोष्ट थोडक्यात सांगते. स्वामी कुवलयानंदांनी योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली, आणि ‘असं का करायचं?’ हा प्रश्न ज्यांची पाठ सोडत नाही त्यांना तिथली शिकवण आवडते. आसनात जोर कमी लावायचा, प्रयत्न सैल सोडायचा, यावर भर.

वाट कोणतीही घ्या, आपल्या दुखण्याचा हिशेब आधी करा. रक्तदाब जास्त असेल तर श्वास रोखून धरणं आणि डोकं खाली-पाय वर अशी आसनं टाळायची. काचबिंदू असेल तर डोकं खाली नेणारी आसनं नकोतच. हाडं ठिसूळ झाली असतील किंवा मणक्यातली चकती सरकली असेल तर पुढे खोल वाकणं धोक्याचं. हर्निया असेल किंवा गर्भारपण असेल तर कपालभाती बंद. (कपालभातीला सरसकट प्राणायाम म्हणतात, पण हठयोगात ती सहा शुद्धिक्रियांपैकी एक आहे; म्हणून ती सगळ्यांनी रोज करायचीच असा नियम नाही.) आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतंही औषध योगाच्या भरवशावर सोडू नका.

आध्यात्मिक वाढीसाठी वेगळा ‘वरचा’ वर्ग लागतो, असं मला वाटत नाही. यम-नियमांना, म्हणजे रोजच्या वागण्याच्या शिस्तीला, चटई लागत नाही. आसनाबद्दल पतंजली इतकंच म्हणतात: ‘स्थिरसुखमासनम्’. स्थिर आणि सुखाचं. या दोन शब्दांवर आपला आजचा सराव तपासून बघा: थरथरत, दात आवळून टिकवलेलं आसन दिसायला कितीही देखणं असो, त्यात दोन्ही नाहीत.

मला एकच नाव सांगा म्हणालात तर अंग आखडलेल्याला अय्यंगार, थकलेल्याला मुंगेर, अस्वस्थ तरुणाला म्हैसूर शैली, आणि साधनेची ओढ आधीपासून असलेल्याला शिवानंद. मग तीन महिने तीच एक वाट. आज हे, उद्या ते करू नका. पहिल्या दिवशी शिक्षकांना आपलं दुखणं सांगा आणि ते पुढे काय विचारतात ते ऐका. कधीपासून, कोणत्या हालचालीला, औषध चालू आहे का, असं काही न विचारता ‘सगळं बरं होईल’ एवढंच म्हणाले, तर दुसरा वर्ग शोधा.