लष्करी धावपट्टीवर खासगी विमान: परवाना, संयुक्त विमानतळ की निमंत्रणाचा दिवस?

अमेरिकेत स्वतःचे छोटे विमान चालवणाऱ्या वैमानिकाला मुक्कामाच्या गावाजवळ नकाशावर हवाई दलाची लांबरुंद धावपट्टी दिसली, की तेथेच उतरावे असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यासाठी तीन कायदेशीर मार्ग आहेत: हवाई दलाकडून उतरण्याचा परवाना काढणे, लष्करी व नागरी विमाने एकत्र वापरतात अशा संयुक्त विमानतळावर जाणे, किंवा तळाने नागरी वैमानिकांना बोलावलेल्या दिवशी हजर राहणे. यांतला कोणता निवडावा हे विमानापेक्षा उतरण्याच्या कारणावर ठरते.

परवान्याचा मार्ग कागदावर सोपा दिसतो. डीडी २४०० हे विम्याचे प्रमाणपत्र, डीडी २४०१ हा परवान्याचा अर्ज आणि डीडी २४०२ हे नुकसानीसाठी सरकारला जबाबदार न धरण्याचे हमीपत्र, असे संरक्षण खात्याचे तीन नमुने (फॉर्म) पहिल्या नियोजित उड्डाणाच्या किमान ३० दिवस आधी पाठवावे लागतात. खरी अडचण कारणाची असते. सरकारी कामासाठी येणारा कंत्राटदार किंवा कर्तव्यावर स्वतःच्या विमानाने प्रवास करणारा सैनिक नियमांत बसतो. ‘हॉटेल जवळ पडते’ हे कारण बसत नाही, कारण निव्वळ सोयीसाठी किंवा जवळच्या नागरी विमानतळाचे काम हिरावून घेईल अशा वापरासाठी परवाना द्यायचा नाही, हेच धोरण आहे. परवाना हाती आला तरी उतरण्याच्या किमान २४ तास आधी त्या तळाच्या धावपट्टी व्यवस्थापकाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, आणि लष्करी कामाच्या गरजेनुसार ती नाकारली जाऊ शकते. शिवाय भूदल आणि नौदल आपापले परवाने स्वतंत्रपणे देतात. सरकारी काम नसलेल्या वैमानिकाने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बहुतेकांसाठी संयुक्त विमानतळ हेच योग्य उत्तर आहे. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन, टेक्सासमधील शेपर्ड तळावरचे विचिटा फॉल्स आणि फ्लोरिडातील एग्लिन तळावरचे डेस्टिन–फोर्ट वॉल्टन बीच येथे धावपट्टी लष्करी असली तरी नागरी बाजू वेगळी आहे, आणि त्या बाजूपुरते थांबणाऱ्याला वर सांगितलेल्या परवान्याची गरज पडत नाही. मात्र उतरल्यावर विमान जमिनीवरून चालवत नेताना चुकून लष्करी बाजूला वळणे महागात पडते. विमानतळाचा आराखडा आधी अभ्यासणे अपरिहार्य आहे. एग्लिनच्या बाबतीत तयारी आणखी आधीपासून हवी, कारण तेथील नागरी वाहतूक निर्बंधित हवाई क्षेत्रांमधल्या ठरावीक पट्ट्यांतून जाते आणि त्यांत शिरण्यापूर्वी नियंत्रकाची मंजुरी लागते.

उड्डाणाच्या दृष्टीनेही येथे फरक आहेत. लढाऊ विमानांना थांबवणाऱ्या तारा अनेक लष्करी धावपट्ट्यांवर आडव्या ताणलेल्या असतात. त्यांची जागा १० फूट व्यासाच्या पिवळ्या वर्तुळांच्या रांगेवरून ओळखता येते. लहान चाके आणि जमिनीलगत फिरणारा पंखा असलेल्या विमानाने तार ओलांडून पुढेच चाके टेकवावीत. योगायोगाने, सी-१७ हे अवजड लष्करी मालवाहू विमान नुकतेच उतरले असेल तर त्याने मागे सोडलेले हवेचे भोवरे टाळण्यासाठीही त्याच्या टेकण्याच्या जागेपलीकडे उतरण्याचाच सल्ला दिला जातो. लांब धावपट्टीचा छोट्या विमानाला खरा फायदा होतो तो येथे. शेपर्डसारख्या ठिकाणी जेट विमानांवर शिकणारे लष्करी प्रशिक्षणार्थी आधी धावपट्टीच्या वरून वेगाने उडत येऊन मग तीव्र वळण घेत उतरतात, त्यामुळे सरळ रेषेत संथ येणाऱ्या नागरी विमानाला नियंत्रकाने लांबवर थांबवून ठेवले तर नवल वाटू नये. चाके खाली आहेत ना, असा प्रश्न रेडिओवर आला तर तीही तेथील रीत आहे.

निमंत्रणाचा दिवस हा प्रवासाचा मार्ग नव्हे. तेथे केवळ अनुभवासाठी जावे. आधी नावनोंदणी, विमान व विम्याचा तपशील आणि ठरवून दिलेली येण्याची वेळ यांशिवाय प्रवेश नसतो, आणि पिस्टन इंजिनाला लागणारे ॲव्हगॅस तेथे मिळेल असे गृहीत धरू नये. तरीही तळाच्या परिसरात नेहमी उडणाऱ्याने ही संधी सोडू नये, कारण लष्करी विमाने कमी उंचीवरून कोणत्या वाटांनी जातात हे तेथील वैमानिकांकडूनच समजते आणि हवेतील टक्कर टाळण्यासाठी ती माहिती फार उपयोगी पडते. कुतूहल केवळ धावपट्टी पाहण्यापुरते असेल, तर चाके न टेकवता धावपट्टीच्या वरून कमी उंचीवर उडत जाण्याची विनंती नियंत्रकाकडे करता येते. ती मान्य होईलच असे नाही.

आणीबाणीत मात्र हा सगळा विचार बाजूला ठेवावा. उड्डाणात खरे संकट ओढवले तर हवाई दलाच्या कोणत्याही धावपट्टीवर पूर्वपरवानगीशिवाय उतरता येते. धावपट्टीवर फेस पसरणे, विमान हलवणे, दिव्यांचे नुकसान, इंधन असा खर्च नंतर विमानमालकाकडून वसूल होऊ शकतो, पण त्या क्षणी त्याचा हिशेब करू नये. नजरचुकीने उतरणे ही वेगळी गोष्ट आहे. जुलै २०१६ मध्ये डेल्टाचे एक प्रवासी विमान दक्षिण डकोटातील रॅपिड सिटीऐवजी जवळच्या एल्सवर्थ हवाई तळावर उतरले. दोन्ही धावपट्ट्यांची दिशा जवळपास एकच आहे. अशा जोडीपैकी नागरी विमानतळ निवडला असेल, तर स्वच्छ हवामानातही उपकरणांवरून धावपट्टीची खात्री करून घ्यावी आणि रात्री विमानतळाचा फिरता दिवा नीट पाहावा: लष्करी तळाचा दिवा हिरव्या झोतानंतर पांढरा झोत लागोपाठ दोनदा देतो, नागरी विमानतळाचा एकदाच.