ओझीची 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ': २००२ वाली सीडी की २०११ वाली? आठ महिने ऐकल्यावर

२०२५ मध्ये ५ जुलैला हेवी मेटल गायक ओझी ऑस्बर्नला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर सिंहासनावर बसून गाताना फोनवर बघितलं, पार्किन्सनमुळे उभं राहता येत नव्हतं पण माणूस गायला, आणि सतराच दिवसांनी, २२ जुलैला, गेला. त्या आठवड्यात ठरवलं की स्ट्रीमिंग पुरे झालं, याची एक तरी सीडी आपल्या कपाटात पाहिजे. बाबांचा सीडी प्लेअर माळ्यावर पडलेलाच होता, पुसून-बिसून सुरू केला तर चालला, बायको म्हणाली आता हा रविवारी पोह्यांच्या वेळेला पण हेच लावणार (लावतो).

माझी अडचण अशी आहे की ओझी जीव की प्राण, पण त्याच्यामागे जे दुकान आहे ते मला पटत नाही. दुकान म्हणजे बायको-कम-मॅनेजर शॅरन आणि तिचा सगळा कारभार. तिचे वडील डॉन आर्डन हे पण याच धंद्यातले, त्यांच्याच जेट रेकॉर्ड्सने १९८० मध्ये ओझीचा 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' हा अल्बम काढला होता, नंतर मुलीने ओझीला आपल्या हातात घेतलं आणि बाप-लेक वर्षानुवर्षं बोलत नव्हते. तर त्या दुकानाला माझा एक रुपया जायला नको म्हणून मी मोठ्या हुशारीने त्याच अल्बमची सेकंडहँड सीडी घेतली. ऑनलाइन एकाकडून साडेतीनशेत आली. स्क्रॅच नाही, कव्हर ठीकठाक. मागे बारीक अक्षरात २००२ छापलेलं होतं, ते कोण वाचतंय.

पहिले पंधरा दिवस काहीतरी टोचत होतं पण कळत नव्हतं काय. कॉलेजात मित्राने भरून दिलेली कॅसेट मी इतकी ऐकली होती की शेवटी टेप ताणली जाऊन ओझी किशोरीताईंच्या विलंबितावर आला होता, म्हणजे गाणं डोक्यात पक्कं बसलेलं. इथे आवाज तोच, गिटार तीच, पण ड्रम एकदम कानाशी येऊन आपटतात आणि सोलोच्या खाली बेस (जाड आवाजाची गिटार) जो आपलं स्वतःचं काहीतरी गुणगुणत फिरायचा त्याला कोणीतरी सरळ लाईनीत उभं केल्यासारखं वाटत होतं. मला वाटलं वय झालं, कान गेले.

कान नव्हते गेले. या अल्बमवर बेस बॉब डेझलीचा आणि ड्रम ली कर्सलेकचे. डेझलीने गाण्यांचे शब्द पण बऱ्यापैकी लिहिलेत. हे दोघं रॉयल्टीसाठी कोर्टात गेले, आणि २००२ मध्ये अल्बम परत काढताना दोघांचं वाजवलेलं चक्क पुसून टाकलं, त्या जागी तेव्हा ओझीच्या बँडमध्ये असलेले रॉबर्ट ट्रुहियो आणि माइक बोर्डिन यांच्याकडून वाजवून घेतलं! 'डायरी ऑफ अ मॅडमन'चं पण तेच केलं. त्या दुसऱ्या अल्बमचा प्रकार तर आणखी भारी आहे, १९८१ मध्ये तो आला तेव्हा वाजवलं होतं याच दोघांनी आणि कव्हरवर नावं छापली नंतर आलेल्या दोघांची. शॅरन तेव्हा म्हणाली की ओझीलाच ते दोघं रेकॉर्डिंगवर नको होते. ओझी आत्मचरित्रात म्हणाला की हे शॅरनचं काम. घ्या! कोर्टात केस २००३ मध्ये फेटाळली गेली ते वेगळं.

ट्रुहियो-बोर्डिन वाईट वाजवतात असं नाही हं, ट्रुहियो पुढच्याच वर्षी मेटालिकासारख्या मोठ्या बँडमध्ये गेला, कच्चा माणूस तिथे घेतील का. पण विचार करा, गिटारवाला रँडी ऱ्होड्स १९८२ मध्ये विमान अपघातात गेला, अवघा पंचवीस वर्षांचा होता. त्याने ज्यांच्याकडे बघून वाजवलं त्यांना काढून वीस वर्षांनी त्याच्या गिटारखाली दुसरी माणसं घातली. त्याला कुठे कोणी विचारणार होतं.

माझे मामा इथे इंदूरलाच रामबागेत राहतात, तबला वाजवायचे, गणेशोत्सवात आणि घरगुती बैठकींना खूप साथ केली आहे त्यांनी. मेटल म्हणजे भांडी पडल्याचा आवाज असं त्यांचं मत. डिसेंबरात माझ्याकडे २०११ वाली सीडी आली (ती नवीन, साडेआठशेची, म्हणजे झाले ना पैसे शेवटी त्याच दुकानात जमा, हुशारी गेली खड्ड्यात), तिच्यात डेझली आणि कर्सलेक परत आणलेत. मामांना काही न सांगता एकच गाणं दोन्ही सीड्यांवर लावलं. आधी २०११, मग २००२. मामा चहा पित होते, दुसऱ्या वेळी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "अरे, पहिल्यात ठेकेवाला गिटारकडे बघत होता, हा दुसरा कोणाकडे बघून राहिला?" मी सगळी गोष्ट सांगितली. त्यांना ड्रम बदलल्याचं एवढं नाही लागलं, नावं खोडल्याचं लागलं. म्हणाले, आपल्याकडे गल्लीतल्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत पण साथसंगत म्हणून नाव येतं, मानधन बुडवलं लोकांनी माझं, नाव नाही बुडवलं. आणि मग अर्धा तास लतादीदी. इंदूरचा माणूस आहे, तिचा जन्म इथला, विषय तिथे जाणारच. पण मुद्दा बरोबर होता, साठच्या दशकात तिने गायकांना रॉयल्टी पाहिजे म्हणून भांडण केलं, रफीसाहेबांचं म्हणणं की एकदा पैसे घेतले की हिशोब संपला, आणि दोघं काही वर्षं एकत्र गायलेच नाहीत. "आता सांग, रफी ऐकणं सोडलं का आपण?" नाही सोडलं मामा. पण लताचा आवाज काढून दुसरीचा भरून ती रेकॉर्ड पण नाही ना विकली कोणी.

तर वापराचं सांगायचं तर २०११ वालीच घ्या. आवाज मोकळा आहे, बेस ऐकू येतो, आणि ओझी, काय सांगू, तांत्रिकदृष्ट्या मोठा गायक नाहीच तो, रेंज मर्यादित, पण त्या आवाजात एक घाबरलेला पोरगा आहे जो आपण घाबरलो नाही असं दाखवतोय, आणि हळू गाण्यांत तो पोरगा उघडा पडतो. आठ महिन्यांत कंटाळा आला नाही. गाण्यांवर डेझलीचं नाव लेखक म्हणून आहे, तेवढंच मनाला बरं. कर्सलेकने कॅन्सर असताना, मरायच्या आधी भिंतीवर लावायला या दोन अल्बमच्या प्लॅटिनम डिस्क (खूप खप झाला की मानाने देतात त्या) मागितल्या होत्या आणि ओझीने त्या पाठवल्या. २०२० मध्ये गेला तो. हे वाचल्यावर ओझीवरचा राग अर्धा उतरतो, दुकानावरचा नाही उतरत.

२००२ वाली विकायला काढली होती, एक जण चारशे द्यायला तयार पण झाला. त्याला सगळं खरं सांगितलं तर त्याने परत फोनच उचलला नाही. आई म्हणते दे इकडे, बाल्कनीत लटकवते, कबुतरं फार झालीत. अजून दिली नाही, ओझीचा आवाज तर तिच्यावर पण खराच आहे ना.