मुंबई–गोवा क्रूझ: हेलकावे, धूर आणि चुकलेली खोली

साताऱ्याकडच्या माणसाचा पाण्याशी संबंध बहुधा बामणोलीच्या लाँचपुरता, फार तर महाबळेश्वरच्या वेण्णा तलावातल्या नावेपुरता असतो. त्यामुळे गेल्या फेब्रुवारीत मुंबईहून गोव्याला जाऊन परतणाऱ्या क्रूझची तीन रात्रींची सहल ठरवताना आम्ही गावातल्या सहल कार्यालयात जेवणाची, पोहण्याच्या तलावाची आणि रात्रीच्या कार्यक्रमांची बारकाईने चौकशी केली. समुद्र कसा असेल आणि जहाजावर सिगारेट ओढणारे कोठे बसतात, हे दोन प्रश्न मात्र आम्हांला सुचले नाहीत आणि तेथील कर्मचाऱ्यानेही ते काढले नाहीत. माझ्या पत्नीला दमा आहे आणि आमच्याबरोबर आलेले तिचे थोरले बंधू दिवसाला आठ-दहा सिगारेटी ओढतात, त्यामुळे धुराची बाजू आम्हांला दोन्ही अंगांनी पाहायला मिळाली. जेवण आणि स्वच्छता उत्तम होती. त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज वाटत नाही.

आमची खरी चूक खोली निवडण्यात झाली. जादा पैसे भरून आम्ही वरच्या मजल्यावरची, अगदी मागच्या टोकाची, बाल्कनी असलेली खोली घेतली, कारण चित्रात तीच सर्वांत देखणी दिसत होती. जहाज लाटेवर डोलते ते साधारण आपल्या मध्याभोवती. जत्रेतल्या झुलत्या नावेत मधल्या बाकावर बसणाऱ्याला जे जाणवत नाही, ते टोकाला बसणाऱ्याच्या पोटात गोळा आणते. जहाजाचेही तसेच आहे, आणि जितके उंच जावे तितका आडवा झोकाही वाढतो. म्हणजे खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली, खिडकीसुद्धा नसलेली स्वस्तातली खोली हेलकाव्यांच्या दृष्टीने सर्वांत चांगली, आणि आम्ही पैसे मोजून तिच्या नेमकी उलट घेतली होती.

अरबी समुद्राचा स्वभाव ऋतूप्रमाणे बदलतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे जून ते सप्टेंबर हा किनारा खवळलेला असतो आणि भर पावसाळ्यात येथून अशा सहली सहसा निघत नाहीत. जुन्या माणसांना जुलै म्हटले की १७ जुलै १९४७ रोजी रेवसच्या वाटेवर सहाशेहून अधिक माणसांसह बुडालेली ‘रामदास’ बोट आठवते. आमच्या निघण्याच्या आदल्या दिवशी वडीलधाऱ्या शेजाऱ्यांनी तिची आठवण काढलीच. पावसाळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे चक्रीवादळांची शक्यता असते: ‘फयान’ नोव्हेंबर २००९ मध्ये आले, तर ‘तौक्ते’ मे २०२१ मध्ये. डिसेंबर ते मार्च हा काळ सर्वांत शांत मानला जातो आणि ते खरेही आहे, पण शांत म्हणजे कृष्णेचा डोह नव्हे. या दिवसांत वारा मुख्यतः वायव्येकडून आणि उत्तरेकडून येतो, आणि अरबस्तानाच्या बाजूला ‘शमाल’ नावाचे वारे सुटले की त्यांनी उठवलेल्या लाटा आपल्याकडे वारा नसतानाही कोकण किनाऱ्यापर्यंत पोहोचतात.

हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था लाटांच्या उंचीचा अंदाज रोज प्रसिद्ध करते आणि तो कोणालाही पाहता येतो. तो वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यात दिलेली उंची ही सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळे दीड मीटरच्या अंदाजात अधूनमधून तीन मीटरच्या जवळपास जाणारी लाटही येऊ शकते. मोठ्या जहाजाला दीड मीटरचा समुद्र जाणवतो तो काचेच्या पेल्यातले पाणी हलावे इतकाच. अडीच मीटरच्या पुढे मात्र पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागतो.

जाताना आम्हांला काहीच झाले नाही. जहाज दक्षिणेकडे चालले होते, वारा आणि लाटा पाठीमागून येत होत्या आणि सर्वांनी पोटभर जेवून गप्पा मारल्या. परतीच्या रात्री तोच वारा समोरून आला. जहाजाच्या दोन्ही कुशींना पाण्याखाली पंखासारखे पाते असते, त्याने आडवे डोलणे बरेच कमी होते. पण पुढचे टोक वर जाऊन खाली येण्याची जी चाल असते, तिच्यावर या पात्यांचा फारसा इलाज चालत नाही. आमची खोली मागच्या टोकाला असल्यामुळे ती चाल आमच्या वाट्याला पुरेपूर आली. पसरणीच्या घाटात ज्यांना गाडी लागते, त्यांना बोट लागणार असे समजूनच निघावे. बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी उलट्या सुरू झाल्यावर घेऊन उपयोग होत नाही, ती हेलकावे सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते आणि तिने झोप येते. दमा किंवा अन्य विकार असल्यास डॉक्टरांना आधी विचारावे. बंद खोलीत पडून मोबाइल पाहण्यापेक्षा मोकळ्या डेकवर, मध्यभागी उभे राहून क्षितिजाकडे पाहिल्याने अधिक आराम पडतो, कारण डोळ्यांना दिसते ते आणि तोल सांभाळणाऱ्या कानाच्या आतल्या भागाला जाणवते ते, यांच्यातली तफावतच मळमळीचे मूळ असते. आम्ही सातारी आल्याची आलेपाक वडी नेली होती. तिचा थोडा गुण आला, आणि पलीकडच्या खोलीतल्या नाशिकच्या कुटुंबाशी ओळख झाली ती तिच्यामुळेच.

आता धुराविषयी. खोलीत आणि बाल्कनीत धूम्रपानाला सक्त मनाई आहे आणि ती योग्यच आहे. मार्च २००६ मध्ये जमैकाजवळ ‘स्टार प्रिन्सेस’ या जहाजाला जी आग लागली, ती एका बाल्कनीत सुरू झाली. विझवून न टाकलेले सिगारेटचे थोटूक हे तिचे संभाव्य कारण असल्याचे चौकशीत म्हटले आहे. एका प्रवाशाचा त्यात मृत्यू झाला आणि पुढे बाल्कनीतल्या साहित्याविषयीचे आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. समुद्रात फेकलेले थोटूक वाऱ्याने परत जहाजावर येऊ शकते, म्हणून तेही निषिद्ध. आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणी सिगारेट ओढल्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. काही परदेशी जहाजांवर खोलीत ओढल्यास २५० डॉलर बिलात धरले जातात. ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून कायद्यानेच बंदी आहे, तेव्हा ती बॅगेत ठेवूच नये. गुटखाही घरीच ठेवावा. एवढ्या मोठ्या जहाजावर थुंकायला जागा नाही, ही मला तरी सोय वाटली.

आमच्या जहाजावर ओढण्याची मोकळी जागा मागच्या बाजूच्या वरच्या डेकवर होती. जाताना वारा पाठीमागचा आणि जहाजाचा वेग जवळपास तितकाच, त्यामुळे डेकवर झुळूकही जाणवत नसे आणि धूर जागीच घुटमळत राही. परतीला उलट झाले. ताशी पंधरा-सोळा सागरी मैलांचा वेग आणि समोरचा वारा मिळून डेकवर असे वारे सुटले की मेहुण्यांच्या आठ काड्या वाया गेल्या. पण तेच वारे धूर मागे नेत, मागच्या भिंतीपाशी भोवरा होई आणि वास थेट आमच्या बाल्कनीत उतरे. पत्नीला दोन रात्री बाल्कनीचे दार लावून बसावे लागले. ज्या बाल्कनीसाठी जादा पैसे दिले, ती आम्ही वापरली ती दुपारच्या जेवणाच्या वेळेपुरती, कारण तेव्हा वरची मंडळी जेवायला जात.

तक्रार केल्यावर स्वागतकक्षातल्या मुलीने खोली बदलण्याचा मनापासून प्रयत्न केला, पण जहाज भरलेले होते. मजल्यांच्या नकाशात धूम्रपानाची जागा दाखवलेली होती, हेही तिनेच दाखवले. म्हणजे नकाशा आम्ही विकत घेण्यापूर्वी पाहायला हवा होता आणि विकणाऱ्याने तो पुढे करायला हवा होता. सेवेला माझ्याकडून पाचपैकी चार गुण, आणि आरक्षणापूर्वी मिळालेल्या माहितीला एक. मेहुण्यांना हे गुण मान्य नाहीत. त्यांच्या मते ओढण्याच्या जागेवरून दिसणारा सूर्यास्त सर्वांत चांगला होता. पुढच्या वेळी त्यांना मागची खोली देऊन आम्ही मधल्या मजल्यावर, मधोमध, खिडकीशिवायची घेणार आहोत.