प्लाझ्मा एक्स्चेंज: आठ महिन्यांनंतर, कडक भाकरीच्या हिशेबानं

आमच्या सोलापुरात आजारी माणसाला आधी विचारतात, "जेवण जातंय का?" माझं तिथंच अडलं होतं. आजार मायस्थेनिया ग्रॅव्हिस, म्हणजे स्नायू लवकर दमतात. कडक भाकरीचे चार घास चावले की जबडा दमायचा, पाचव्याला हनुवटीला हात लावून तोंड मिटायचो. मे महिन्याच्या उन्हात एवढं वाढलं की पाणी नाकातून यायला लागलं. डॉक्टरांनी प्लाझ्मा एक्स्चेंज सांगितलं, दिवसाआड पाच वेळा.

"रक्त बदललं म्हणे तुझं?" गल्लीत अजून विचारतात. रक्त नाही बदलत. डेअरीत दुधातून साय काढायचं यंत्र गरगर फिरतं ना, तसंच हे. पेशी एकीकडं, पिवळसर पाणी, म्हणजे प्लाझ्मा, एकीकडं. त्या पाण्यातच मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचू न देणाऱ्या अँटिबॉडी असतात. पाणी टाकून देतात, पेशी अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनासोबत परत अंगात. एका वेळेत रक्तातल्या अँटिबॉडी साधारण 60-65 टक्के कमी होतात, पण बाकी अंगात मुरलेल्या पुन्हा रक्तात उतरतात. म्हणून मधे एक दिवस सोडायचा.

दुखण्याचं म्हणाल तर मानेतली लाईन टाकतानाच काय ते दुखलं. पुढचे दोन-अडीच तास नुसतं पडून राहायचं. दुसऱ्या वेळी ओठांभोवती मुंग्या आल्या, मी घाबरून गप्प बसलो. तसं करू नका, लगेच सिस्टरला सांगा. रक्त गोठू नये म्हणून घालतात त्या सायट्रेटनं कॅल्शियम उतरतं. सलाईनमधून कॅल्शियम दिलं की थांबतं. रोजच्या गोळ्या मशीनच्या आधी घ्यायच्या की नंतर, तेही विचारा, नाहीतर औषधसुद्धा टाकून द्यायच्या पाण्यात जायचं.

खर्चाच्या अंदाजात अल्ब्युमिन धरलंच नव्हतं, याचा राग अजून आहे. माझं वजन 60 किलो, म्हणजे प्लाझ्मा जवळपास अडीच लिटर. एका वेळेला 20 टक्क्यांच्या सहा बाटल्या सलाईनमध्ये मिसळून लागल्या. पाचांचा गुणाकार तुम्हीच करा. मेडिकलवाल्यापुढं भावाचा चेहरा उतरला होता.

तिसऱ्या वेळेनंतर पडलेली पापणी उचलली. घरात पेढे वाटले.

जुलैत पापणी परत खाली. हा परिणाम काही आठवडेच टिकतो, हे घरी सोडताना कुणी बोललंच नव्हतं. मी टॉवेलच्या कारखान्यात मागावर असतो, म्हणून नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी माझ्याच भाषेत समजावलं: अँटिबॉडीचं गोदाम रिकामं केलं, त्या बनवणारा माग चालूच आहे. तो माग हळू करायला स्टेरॉइड आणि अझाथायोप्रिन. त्यातल्या दुसऱ्या गोळीचा गुण यायला महिने लागतात, रक्त तपासत राहावं लागतं. एक्स्चेंजनं मला तेवढे दिवस काढून दिले असते. गोळ्या मेमध्येच सुरू झाल्या असत्या तर जुलै टळला असता, असं मला वाटतं.

परवा गड्ड्याच्या जत्रेतून फिरून आलो. रात्री शेंगा चटणीबरोबर दीड कडक भाकरी खाल्ली. शेवटचा तुकडा दुधात बुडवावा लागला.