रुगर १०/२२ वापरल्यावर: बाकी काहीही बदला, मॅगझिन तेच ठेवा

ही रायफल घेतल्यापासून टेक्सासचा एक अख्खा उन्हाळा आणि नंतरची थंडी काढून झाली, म्हणून आता लिहितेय. हिच्याबद्दल जे काही वाचायला मिळतं ते सगळं बॅरल (नळी) कुठलं घ्या, ट्रिगर कुठला टाका, स्टॉक (दस्ता) कुठला चांगला याच्यावरच असतं, आणि ज्याच्यामुळे ही रायफल इतकी वर्षं टिकलीय ती गोष्ट, म्हणजे काडतुसं भरायची सुटी डबी, मॅगझिन, बाजूलाच राहते असं माझं स्पष्ट मत झालंय. माझं मॉडेल एकदम साधं आहे, कार्बाइन, साडेअठरा इंची बॅरल, लाकडी स्टॉक, वजन पाच पाउंडाच्या आसपास म्हणजे सव्वादोन किलो धरा. पॉइंट टू टू एलआर, म्हणजे .२२ लाँग रायफल हे छोटं काडतूस.

कॉलेजात सांगलीला एनसीसीत होते, तिथे पॉइंट टू टूच चालवलेली, पण ती बोल्ट ॲक्शन, प्रत्येक राउंडनंतर (राउंड म्हणजे एक काडतूस) बोल्ट हाताने मागे ओढायचा, हिच्यात पुढचा राउंड आपोआप भरला जातो. तेव्हापासूनच हे वेड आहे. इथे आल्यावर बरीच वर्षं थांबावं लागलं, कारण व्हिसावर असताना बंदूक घेता येत नाही (शिकारीचं लायसन्स वगैरे अपवाद आहेत, पण त्या भानगडीत मी पडले नाही), ग्रीन कार्ड आल्यावर मग दुकानात जाऊन बंदूक खरेदीचा सरकारी ४४७३ फॉर्म भरला, बॅकग्राउंड चेक झाला आणि घेतली.

आधी मॉडेल बाहेरून कसं जोडलंय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ॲल्युमिनियमचा रिसिव्हर, म्हणजे बाकीचे भाग ज्याला जोडतात तो मधला सांगाडा, त्याच्यावर सिरियल नंबर, कायद्याच्या नजरेत तेवढीच 'रायफल', बाकी सगळे सुटे भाग. स्टॉक रिसिव्हरला एका स्क्रूवर धरलेला आहे. ट्रिगरचा अख्खा गट्टू दोन आडव्या पिनांवर, पिना ढकलल्या की हातात येतो. आणि बॅरल, जे बाकीच्या बऱ्याच रायफलींमध्ये आट्यांनी घट्ट बसवलेलं असतं आणि काढायला गनस्मिथकडे जावं लागतं, ते इथे एका व्ही-ब्लॉकने आणि दोन स्क्रूंनी धरलेलं आहे, ॲलन की घेतली की घरच्या टेबलावर निघतं. हे १९६४ पासून असंच आहे, त्यामुळे हिच्यासाठी पार्ट बनवणाऱ्यांचा बाजार केवढा मोठा झालाय ते वेगळं सांगायला नको.

मीही बदललं. रुगरचाच बीएक्स ट्रिगर टाकला, ओढ सहा पाउंडाच्या आसपास होती ती पावणेतीनवर आली, हा खर्च वसूल आहे, पटकन घ्या. स्टॉक मॅगपुलचा हंटर एक्स-२२ लावला कारण त्यात मागे स्पेसर घालून लांबी कमी-जास्त करता येते, नवरा सहा फुटी आणि मी पाच फूट एक इंच, दोघांना एकच रायफल खांद्याला नीट लागायची तर हे पाहिजेच. जाड बॅरलही बसवून पाहिलं, ०.९२० इंचाचं, सँडबॅगवर ठेवून मारायला मस्त, पण उभं राहून मारताना तोंडाकडचं वजन हाताला ओढतं, मग परत कंपनीचं पातळच चढवलं आणि तेच आहे आता.

पण हे सगळं बदलत असताना एक गोष्ट लक्षात आली. काहीही काढा-घाला, राउंड आत जाण्यात काडीचा फरक पडत नाही. कारण राउंडला चेंबरकडे (बॅरलच्या मागच्या टोकाला राउंड बसायची जागा) नेमक्या कोनात सोडणारे ओठ रिसिव्हरमध्ये नाहीतच, ते मॅगझिनमध्ये आहेत, वरच्या बाजूला स्टीलचा तुकडा बसवलाय त्यात कोरलेले. म्हणजे अचूकपणा लागतो तो भाग मॅगझिनमध्ये, म्हणूनच बाकीची रायफल इतकी सुटसुटीत ठेवता आली.

दहा राउंडचं ते चौकोनी मॅगझिन, बीएक्स-१ म्हणतात, हातात घेतलं तर काडेपेटीपेक्षा जरा मोठं. आत एक दातेरी रोटर, रहाटगाडग्याच्या पोहऱ्यांसारखा, प्रत्येक राउंड आपापल्या खाचेत बसतो आणि स्प्रिंगच्या पिळाने एकेक वर येतो. आता पॉइंट टू टूच्या मागे कडा असते, रिम, आणि साध्या डबी मॅगझिनमध्ये राउंड एकावर एक रचले की कधीकधी वरच्याची कडा खालच्याच्या कडेमागे अडकते, मग बोल्टने कितीही ढकललं तरी राउंड पुढे नीट सरकत नाही. रोटरमध्ये कडा कडेला भिडतच नाही, रोगाचं मूळच काढून टाकलंय. आयडिया जुनी आहे, १९०३ च्या मानलिखर-शोनाउअरमध्ये आणि सॅव्हेज ९९ मध्ये फिरतं मॅगझिन होतं, पण ते रायफलच्या पोटात कायमचं. बिल रुगरने ते सुटं काढता येईल असं केलं, आणि तेही स्टॉकच्या खालच्या रेषेबाहेर न येईल एवढं छोटं.

याचा फायदा पालथं पडून मारताना कळतो. खाली काही लोंबत नाही, कोपर हवं तितकं आत घेता येतं. पंचवीसवाली लांब मॅगझिन्सही मिळतात, रुगरचं स्वतःचं बीएक्स-२५ आहे त्याचे ओठही स्टीलचे, पण पालथं पडलं की ती जमिनीला टेकतात. आणि मी एक दुसऱ्याच कुणाचं स्वस्तातलं लांब मॅगझिन घेतलं होतं, प्लास्टिकच्या ओठांचं, ते पहिल्या दिवशी ठीक चाललं आणि नंतर राउंडचं नाक खाली घालायला लागलं, शिशाची गोळी चेंबरच्या काठावर आपटून चेपायची. फेकून दिलं.

देखभाल मात्र करावी लागते. पॉइंट टू टूच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं, ते आणि बारुदाची राख मिळून रोटरच्या दातांत काळा चिकट लगदा साचतो, इथल्या जुलैच्या उन्हात तर जास्तच. रोटर जड फिरायला लागला, शेवटचा राउंड उशिरा वर यायला लागला की समजायचं. मी पुढचा स्क्रू सोडवून उघडते, जुन्या टूथब्रशने कोरडं साफ करते आणि तेल अजिबात घालत नाही, तेलाला कचरा चिकटतो. उघडताना भाग कुठल्या क्रमाने निघतात त्याचा फोटो काढून ठेवा, आणि स्क्रू सुटला की स्प्रिंगचा पीळ सुटतो, बसवताना तो परत द्यावा लागतो, मॅन्युअलमध्ये बघूनच करा. प्रत्येक मॅगझिनवर रंगाने नंबर टाका, म्हणजे अडकलं तर कुठलं ते लगेच कळतं.

राउंड म्हणाल तर सीसीआय मिनी-मॅग, गोळीचं वजन ४० ग्रेन, माझ्याकडे निवांत चालतात. ब्लोबॅक ॲक्शन आहे, बोल्ट मागे ढकलायला राउंडमध्येच दम लागतो, फार हळू सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाचे) घातले की पुंगळी कधीकधी दारातच अडकते.

ॲपलसीड म्हणून रायफल नेमबाजी शिकवतात, त्यांच्या शिबिराला गेले होते तिथे अर्ध्या लोकांकडे हीच रायफल. चाळीस राउंडची परीक्षा असते, २५० पैकी २१० गुणांना पॅच (कापडी बिल्ला) मिळतो, आणि मधल्या टप्प्यांत एका मॅगझिनमध्ये दोन आणि दुसऱ्यात आठ राउंड भरून घड्याळावर बदलायला लावतात. इथे एक गोष्ट माहिती पाहिजे, शेवटचा राउंड गेल्यावर हिचा बोल्ट मागे थांबत नाही, म्हणजे मोजायची सवय लागते, दोन झाले की हात आपोआप खाली जायला पाहिजे. मला ती सवय आवडते, तुम्हाला कदाचित नाही आवडणार. पॅच मिळाला, जॅकेटवर शिवलाय.

कुणी पैसे कशावर घालू विचारलं तर माझं उत्तर, ट्रिगर आणि चार-पाच बीएक्स-१, बस. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियावाल्यांना मॅगझिनची मर्यादाच दहा राउंडची आहे, म्हणजे तुमचं काहीच अडत नाही, आणि न्यू जर्सीत एडिसनकडच्यांनी दुकानात जायच्या आधी परवान्याचं ते एफआयडी कार्ड (बंदूक खरेदीचं ओळखपत्र) काढून घ्या, त्याशिवाय तिकडे रायफल हातात देत नाहीत.